सकाळी सहा चाळीस

"आवं काका, लय समजावलं त्यास्नी. पर म्हातारी ऐकायलाच तयार न्हाई," असं म्हणत साताऱ्याच्या केरबानं पत्रिका ओसरीवर ठेवली, आणि त्याच्यासाठी चहा घेऊन आलेल्या शर्वरीनं कप तिथंच पत्रिकेशेजारी टेकवला.

पाचव्यांदा! वाईतले चिंतामणशास्त्री अख्ख्या तालुक्याच्या पत्रिका जुळवायचे आणि त्यांच्याच मुलीची पत्रिका पाचव्यांदा परत आली होती. कारण तेच... आश्लेषा नक्षत्र! आश्लेषाची सून म्हणे सासूच्या मुळावर येते. आधीच्या चार नकारांचं शर्वरीला काही वाटलं नव्हतं, अगदी खरंच नव्हतं. पण हा नकार अनीशच्या घरचा होता. केरबाच्या शेजारचा, साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकरीला असलेला अनीश... पोह्यांत मीठच पडलं नव्हतं, तरी चकार शब्द न काढता सगळी बशी संपवून तिच्याकडे बघून हळूच हसलेला अनीश! त्याला शर्वरी हवी होती. त्याच्या आईला तिचं नक्षत्र नको होतं.

केरबा गेला तशी शर्वरीच्या आईनं, अनसूयाबाईंनी, पदर डोळ्यांना लावला. आपल्याच पोटी ही आश्लेषा यायची होती आणि मयूरी मात्र त्याच दिवशी, त्याच दवाखान्यात जन्मून पुष्य नक्षत्र घेऊन आली, हे त्या शंभराव्यांदा बोलल्या. मयूरी म्हणजे शर्वरीची चुलतबहीण. तिची आई वत्सला बाळंतपणातच गेली, वडिलांनी दुसरं लग्न करून इंदूर गाठलं, आणि शास्त्रीबुवांनी भावाच्या त्या लेकराला पोटच्या पोरीसारखं वाढवून गेल्या वर्षी सांगलीला थाटात दिलं. वाईत जो तो म्हणायचा, शास्त्रीबुवा म्हणजे असामान्य माणूस! शर्वरीलाही तसंच वाटायचं, अभिमानानं छाती भरून यायची तिची.

ज्या नक्षत्रानं आपला असा छळ मांडलाय ते एकदा डोळ्यांनी बघू तरी, म्हणून ती दुपारी माळ्यावर चढली आणि आपल्या जन्मसालाचं पंचांग शोधून काढलं. त्या दिवशी पुष्य नक्षत्र सकाळी नऊपर्यंत होतं, पुढं आश्लेषा. तिनं पान उलटलं, तर आत घडी घातलेली एक चिठ्ठी... दवाखान्यातल्या नर्सबाईच्या हातची.

'सौ. अनसूया, मुलगी, सकाळी ६.४०. सौ. वत्सला, मुलगी, रात्री ८.१०.'

शर्वरीनं पुन्हा वाचलं. पुन्हा वाचलं. तिच्या पत्रिकेत तर रात्रीचे आठ दहा होते! सकाळची वेळ होती मयूरीच्या पत्रिकेत! आईचं सिझेरियन झालेलं, तिला भुलीतून नीट शुद्ध आली ती दुसऱ्या दिवशी. तिला वेळ सांगितली असेल ती... बाबांनीच. पायाखालची शिडी सरकल्यासारखं झालं तिला.

शास्त्रीबुवा देवघरात गंध उगाळत होते. तिनं चिठ्ठी सहाणेशेजारी ठेवली. त्यांचा हात थांबला.

"वत्सला गेली आणि दवाखान्याच्या दारातच बायका म्हणायला लागल्या, पोर आईला खाऊन आली," ते मान वर न करता म्हणाले. "त्यात वर आश्लेषा म्हटलं असतं, तर तिला कुणी जवळ तरी घेतलं असतं का? तुला आई होती, शर्वरी. तिला कुणीच नव्हतं गं..."

"फार मोठं मन दाखवलंत, बाबा," शर्वरी म्हणाली, आणि आपला आवाज इतका शांत कसा, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. "पण दिलंत ते माझं होतं."

शास्त्रीबुवांचा चेहरा पांढराफटक पडला. ते उठले, खुंटीवरची टोपी घेतली आणि म्हणाले, आत्ताच्या एस.टी.नं साताऱ्याला जातो, अनीशच्या आईच्या पायांवर डोकं ठेवून खरं ते सांगतो.

केवढा आनंद झाला तिला! अगदी क्षणभर. आणि लगेच डोळ्यांपुढं उभी राहिली सांगलीची मयूरी... तिच्या सासूला पंधरा दिवसांपूर्वीच अर्धांगाचा झटका आला होता. सासू तिच्याच हातून चार घास खाते, पण चुलतसासू मात्र नव्या सुनेचा पायगुण मोजायला टपलेली; पुष्याच्या पत्रिकेनं तेवढं तिचं तोंड बंद होतं. आज साताऱ्यात बोललेलं सांगलीला पोचायला असा किती वेळ लागणार होता?

बाबा उंबऱ्यापर्यंत पोचले होते.

"थांबा," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही दिलंत. आता मी देते."

आणि सहाणेशेजारची चिठ्ठी उचलून तिनं ती परसातल्या धगधगत्या बंबात टाकली! शास्त्रीबुवा धावले, पण हाती राखसुद्धा आली नाही. आजवर हजारोंचं भविष्य सांगितलेला तो माणूस आपल्या मुलीकडे असा बघत राहिला, जणू ती त्याला आज पहिल्यांदाच दिसत होती...

त्या दिवसापासून शर्वरी वडिलांशी एक शब्द बोलली नाही. दिवाळी गेली. मार्गशीर्षात अनीशचं लग्न ठरल्याचं केरबाच सांगून गेला. त्याच सकाळी इस्लामपूरहून कुणी दोन पत्रिका जुळवायला घेऊन आलं होतं. शास्त्रीबुवांनी त्या उघडल्याच नाहीत. हात जोडून म्हणाले, "मी चुकलेला माणूस आहे. पोरापोरीला एकमेकांशी बोलू द्या, आणि मला क्षमा करा." मग स्टूल घेऊन दारावरची ज्योतिषाची पाटी स्वतःच्या हातानं उतरवली.

अनसूयाबाई तर थक्कच! तीस वर्षांचा मान, त्याच्यावर चाललेला संसार... अहो, डोकं ठिकाणावर आहे का, आता खायचं काय, असं त्या विचारत राहिल्या. त्यांना कारण कधीच कळणार नव्हतं.

शर्वरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाबा पाटी काखेत धरून स्टुलावरून उतरत होते. किती म्हातारे दिसत होते ते! तिनं पुढं होऊन त्यांचा हात धरला.

"बाबा, चला," ती म्हणाली, "पान वाढलंय."