कुंपण कोणी तोडलं?

"शनिवारी आपलं एकही डुक्कर नदीपलीकडे जाणार नाही!" कुंडिलकाका गरजले. "आमचं कुंपण तोडतात काय! बसा म्हणावं हात चोळत!"

मितिपाने कपाळाला हात लावला. सुट्टी लागून तीन दिवस झाले होते आणि तिन्ही दिवस काकांची भाषणं! आज सकाळी आईच्या मळ्याच्या कुंपणाला खिंडार पडलेलं दिसलं. डुकरांनी आत शिरून रताळ्यांचे वाफे पार उकरले होते. आणि हे नदीपलीकडच्यांचंच काम, असं काकांनी बसल्या जागी ठरवूनही टाकलं!

पलीकडे मितिपाच्या मामाचं गाव होतं. शनिवारच्या मोकाच्या, म्हणजे गावागावांनी एकमेकांना डुकरं भेट देण्याच्या, सोहळ्यात आईने वाढवलेली डुकरं त्यांनाच द्यायची होती. दिलेला शब्द मोडला, की मामाकडची वाट बंदच!

"काका, निदान कुंपण बघून तरी या!"

"मोठ्यांच्या मधे बोलू नकोस!"

"बाबांना सांगून उपयोग नाही," काकांची मुलगी येरा पुटपुटली. "घरी आम्ही कधीच सोडून दिलंय."

मग मितिपा, येरा आणि मितिपाचा धाकटा भाऊ पुंडी स्वतःच मळ्यावर गेले.

"अगं, इथे मोडलेलं काहीच नाही!" पुंडी म्हणाला. "नुसती भोकं आहेत. मेखा उपटून नेल्यात!"

"आणि फरफटत नेल्याच्या खुणा बघ, नदीकडे नाही, वर जातायत!" मितिपाने दाखवलं.

खुणा थेट सोहळ्यासाठीच्या नाचाच्या मैदानावर पोचल्या. तिथे सुरूच्या झाडांखाली डुकरं बांधायच्या मेखांची रांग उभी होती. एका मेखेला रताळ्याचा वेल अजून गुंडाळलेला!

येराने तो वेल सोडवून हातात घेतला. "या तर बाबांनी काल ठोकल्या!"

"आता त्यांना सांगायचं कोणी? ऐकतील?" पुंडीने विचारलं.

"ऐकणार नाहीत," मितिपा वैतागून म्हणाली, "पण बोलतील की! बोलायला तर त्यांना फार आवडतं."

दुपारी सगळे वडीलधारे मैदानावर जमले. मितिपा भोळा चेहरा करून पुढे झाली.

"काका, इतक्या मजबूत मेखा कोणी आणल्या हो?"

"कोणी म्हणजे? मी! एकट्याने, एका सकाळीत!"

"बापरे! कुठल्या रानातून?"

 येराने तो वेल उंच धरला.

"सांग की रे," आजोबा म्हणाले. "कुठल्या रानात मेखांना रताळी लागतात?"

"चार-सहाच तर काढल्या! काल संध्याकाळी दुसऱ्या लावणारच होतो... राहून गेलं."

"आणि खापर माझ्या भावावर?" आई कडाडली. "वर्षानुवर्षं डुकरं मी पोसायची, आणि तुमच्या आळसापायी माझं माहेर तुटायचं?"

काकांना मान वर करता येईना. त्याच संध्याकाळी त्यांनी नव्या मेखा तासून कुंपण सांधलं, आणि आईने त्यांना वेल लावायलाही बसवलं.

शनिवारी डुकरं ठरल्याप्रमाणे नदीपलीकडे गेली. निघताना मामांनी मितिपाच्या डोक्यावर हात ठेवला. आजोबा सगळ्यांदेखत म्हणाले, "आपल्याकडे भाषणं करणारे खूप आहेत. जाऊन बघणारी ही तीनच पोरं निघाली."

मितिपाला लाजायलाही सवड मिळाली नाही. मळ्याकडे नजर जाताच ती ओरडली, "अहो काका! सगळे वेल उलटे लावलेत!"