छपराची आतली बाजू

डबा खाऊन ती परतली तर तिच्या खुर्चीत एक अनोळखी तरुण ऐसपैस बसलेला. वर तिच्याच स्क्रीनकडे टक लावून!

"खुर्ची माझी आहे."

"आणि हे छप्पर?" तो उठलाच नाही. "तेही तुमचंच?"

"हो. का?"

"काही नाही... नुसतं बघत राहावंसं वाटतंय."

तिचा निम्मा राग तिथेच विरघळला. आत्याच्या सुतारकामाच्या कारखान्यात ती डिझायनर होती आणि हा गृहस्थ नवं सॉफ्टवेअर बसवायला आला होता. स्क्रीनवर होतं मुलांच्या वाचनालयाचं लाकडी छप्पर, वळणं घेत गेलेलं, एक फळी दुसरीसारखी नाही. प्रत्येक फळीला आतल्या बाजूने स्क्रूची भोकं हवी होती. आत्याने निक्षून सांगितलं होतं, संध्याकाळपर्यंत सगळी भोकं मॉडेलमध्ये आली तर छप्पर कापायला घेते, नाहीतर सरळसोट पत्रा! हाताने करायचं तर महिना गेला असता. तिचा जीव टांगणीला लागला होता.

"हाताने कशाला? मॅक्रो लिहू, म्हणजे छोटा प्रोग्राम," तो म्हणाला. "एकदा रीत सांगायची, की तो मुकाट्याने सगळं करतो."

"तुमच्यासारखा मुकाट्याने?"

"माझ्याहून बरा. तो खुर्ची बळकावत नाही."

ती हसली आणि स्टूल ओढून शेजारी बसली. त्याने ओळी लिहिल्या, बटण दाबलं... आणि फळीमागून फळीवर भोकं आपसूक उमटत गेली. तिच्या अंगावर शहारा आला.

"अगं बाई! हे माझंच छप्पर आहे?"

"तुमचंच. मी फक्त भोकं पाडली."

तेवढ्यात तिला मोह झाला. मधलं वळण तिने जरासं उंच केलं आणि मॅक्रो पुन्हा चालवला. निम्मी भोकं छपराच्या वरच्या बाजूला!

"वा! पाऊस थेट मुलांच्या पुस्तकांवर!" ती म्हणाली.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "चूक माझी. सॉफ्टवेअर फळीच्या प्रत्येक बाजूला नंबर देतं, मी तोच धरून चाललो, सहावी म्हणजे आतली. आकार बदलला की सॉफ्टवेअर बाजू नव्याने मोजतं... नंबर हलले."

तिने मान वर करून कारखान्याच्या छताकडे पाहिलं. मग म्हणाली, "खाली बसून पुस्तक वाचणारं मूल मान वर करून जी बाजू बघेल, ती आतली. असं सांगता येईल मॅक्रोला?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. "जिचं तोंड खाली जमिनीकडे, ती बाजू... येईल! मला कसं सुचलं नाही?"

या वेळी दोघांनी मिळून लिहिलं. तिने वळण वाढवलं, कमी केलं, पार वाकडं करून पाहिलं. भोकं प्रत्येक वेळी आतच. आपण आखलेली वस्तू इतकी सुंदर असू शकते, हे तिला आजवर ठाऊकच नव्हतं. डोळे भरून आले.

आत्या आली. कमरेवर हात ठेवून तिने छप्पर फिरवून फिरवून पाहिलं, आणि दारातूनच कारागिरांना हाक मारली, "घ्या रे कापायला!"

आत्या गेल्यावर तो पिशवी उचलून उभा राहिला.

"माझं काम खरं तर तुम्ही डबा खात होतात तेव्हाच संपलं होतं," तो म्हणाला. "छपरासाठी थांबलो... मग तुम्ही आलात. आता इथून पाय निघत नाही. तुम्ही मला फार आवडलात."

तिचे कान तापले. खुर्चीची पाठ तिने घट्ट धरली.

"उद्या ये," ती म्हणाली. "काही बिघडलेलं नसलं... तरी ये."