शुक्रवारची रेंज

ही गोष्ट घडलेली आहे. अंबरनाथच्या मोरिवलीत, एमआयडीसीच्या भिंतीला लागून जी जुनी घरं आहेत, त्यांतल्या एका घरात. कंपनीचं नाव तेवढं इथे देत नाही. ज्याला पडताळून पाहायचं असेल त्यानं मोरिवलीत जाऊन विचारावं. काही जण सांगतील. काही जण विषय बदलतील.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

भर दुपारची आहे. शुक्रवारची.

या भागात शुक्रवार म्हणजे लाईट जायचा वार. कारखान्यांना सुट्टी, तारांची दुरुस्ती, तासन्‌तास पंखे बंद. एरवी यंत्रांच्या घरघरीनं भरलेली मोरिवली त्या दिवशी इतकी गप्प असते, की शेजारच्या घरात कुणी ताट ठेवलं तरी कळतं.

भावनाच्या बाबांना, हिरामण यांना, मात्र शुक्रवारी उसंत नसायची. घरामागे मोबाइल कंपनीचा टॉवर होता आणि त्याची राखण त्यांच्याकडे होती. लाईट गेली की पत्र्याच्या खोलीतला जनरेटर चालू करायचा. त्याचा सेल्फ कधीचाच बिघडलेला, म्हणून हँडल मारूनच. पहिल्या झटक्याला तो कधी लागला नाही. दुसऱ्याला खोकायचा. तिसऱ्याला धरायचा. मग घराची भिंत थरथरायची आणि फळीवरचे स्टीलचे डबे किणकिणायला लागायचे.

बंद करण्याचा नियम ठरलेला होता. कंट्रोल रूममधून फोन यायचा, "हिरामण, बंद कर." लाईट येऊन कितीही वेळ झाला तरी त्या फोनशिवाय बाबांनी जनरेटरला हात लावला नाही.

"डिझेल काय तुमच्या सासऱ्याचा हाय?" आई करवादायची.

"आर्डर नाय आली, बकुळा," बाबा म्हणायचे. विषय संपला.

पुढे कंपनीनं दुसरी एक कंपनी विकत घेतली. एकाच वस्तीत दोन-दोन टॉवर पोसायचे कशाला, म्हणून हा काढायचं ठरलं. वरच्या ऑफिसात ठरलं. बाबांना कुणी सांगितलं नाही. एके दिवशी ट्रक आला, माणसं चढली, आणि संध्याकाळी घरामागे सिमेंटचा चौथरा तेवढा उरला.

बंद कर म्हणणारा फोन आलाच नाही.

त्यानंतरही शुक्रवारी लाईट गेली, की बाबा त्या चौथऱ्यावर जाऊन बसायचे. हातात बटणांचा फोन घेऊन.

ते गेले तेही शुक्रवारीच. छातीत कळ आली. आईनं भावनाला फोन लावला. रेंज नाही. एमआयडीसीकडच्या उरलेल्या टॉवरची बॅटरी लाईट गेल्यावर फार तग धरत नसे. आई फोन उंच धरून मागे गेली, गल्लीत गेली, पार रस्त्यापर्यंत गेली... शेवटी शेजारच्या बनूबाईनं रिक्षा गाठून आणली. बाबा रिक्षातच गेले.

भावना बदलापूरला राहते. त्या दुपारी तिच्या फोनवर काहीच आलं नव्हतं. साधा मिस्ड कॉलसुद्धा नाही.

तेरावं झाल्यावर ती आईला म्हणाली, "चल माझ्याकडे. एकटी काय करशील इथे?"

"नाय यायची."

"का पण?"

"सुक्रवारी तुजा बापूस ड्युटीवर असतो. घरात मानूस नको?"

दुःखात माणूस असंच बोलतं, असं समजून भावनानं तेव्हा सोडून दिलं.

पण मग शुक्रवारचे फोन सुरू झाले.

भर दुपारी. बदलापूरची लाईट गेलेली, म्हणजे अंबरनाथचीही गेलेली. आणि आईचा आवाज अगदी स्वच्छ. शेजारी बसून बोलावं तसा.

"जेवलीस का गो?"

"आई, तुला रेंज कुठून आली?"

"येते."

यापुढे आई ताकास तूर लागू द्यायची नाही. भावनाला संशय आला. एकट्या बाईच्या घरात कुणी येतंजातं का? कुणी काही यंत्र आणून ठेवलं का? तिनं बनूबाईला विचारलं. बनूबाई म्हणाली, "आमच्या घरात सुक्रवारी एक दांडी पन नसते. तुमच्या मागल्या दारी मी येत नाय आता." का ते तिनं सांगितलं नाही.

असेच काही महिने गेले. मग कंपनीचा माणूस आला.

विनीत नाव. पाठीला सॅक, हातात दोन फोन. आईनं त्याला भावनाचा नंबर दिला आणि भावना त्या शुक्रवारी सकाळी रजा टाकून मोरिवलीला पोचली.

"मॅडम, फाइव्ह-जीसाठी आमचा सर्व्हे चालू आहे," तो म्हणाला. "शुक्रवारी लाईट गेली की नकाशावर अख्खी मोरिवली काळी होते. फक्त तुमच्या घरामागचा तुकडा हिरवा. फुल रेंज."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं कसं? इथे टॉवर कुठाय? आणि सिग्नलवर नंबर येतोय तो जुन्या टॉवरचा. जो आम्ही काढून नेला." तो घुटमळला. "त्या सामानातलं काही... म्हणजे काकांनी आठवण म्हणून ठेवून घेतलं असेल तर..."

"चोरलं म्हणायचंय तुम्हाला?"

"तसं नाही हो. बूस्टर असेल, काही असेल. देऊन टाका, मॅटर इथेच क्लोज करतो. रिपोर्टमध्ये नाव नाही येणार, प्रॉमिस."

आई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "रेंज नव्हती तवा कोनी नाय आला. रेंज आली तर झडती घ्याला आला."

विनीत ओशाळला. मग हळूच म्हणाला, "मावशी, ही रेंज दिसते ना, म्हणूनच इथला नवा टॉवर अडलाय. कम्प्युटर म्हणतो, मोरिवलीत आहे की सिग्नल. उद्या परत कुणाच्या छातीत दुखलं तर..."

बाबांचं कुणीतरी त्याला सांगितलं असावं.

भावनाला त्याचा राग आला होता. पण त्याहून वाईट म्हणजे, तिच्या मनात पाल चुकचुकली होती. बाबा तो टॉवर माझा-माझा म्हणायचे. ठेवलं असेल काही?

तिनं घर धुंडाळलं. माळा पाहिला. तांदळाची कणगी पाहिली. देव्हाऱ्यामागे हात घालून पाहिलं. काही नव्हतं.

आई नुसती बघत राहिली. रागावली नाही. नवऱ्याच्या नावावर चोरी लागत होती आणि ही बाई शांत होती. भावनाला तेच खटकलं.

आणि लाईट गेली.

पंखा थांबला. फ्रिज थांबला. विनीतचे दोन्ही फोन आणि भावनाचा फोन, रेंज उतरत उतरत गेली. शेवटची दांडीही गेली.

सगळीकडे शांतता.

आईनं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. पदर सावरला. जशी कुणी घरात येणार आहे...

मागून पत्र्याचं दार ओढल्याचा आवाज आला.

मागे पत्र्याची खोली नव्हती. ती टॉवरबरोबरच गेली होती.

"कोण आहे?" विनीत म्हणाला.



एक झटका. लोखंडावर लोखंड. थांबला.

दुसरा झटका... आणि एक खोकला.

तो यंत्राचा होता की माणसाचा, हे भावनाला आजही सांगता येत नाही.

तिसरा झटका.

मग आवाज असा काहीच नाही. पण भिंत थरथरायला लागली. भावनानं भिंतीला तळवा लावला आणि झटकन काढला. फळीवरचे डबे किणकिणत होते. हंड्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठत होती. डिझेलचा वास माजघरापर्यंत आला. फक्त जनरेटरचा आवाज तेवढा नव्हता.

फोनवर एक दांडी आली. दुसरी. मग सगळ्या.

विनीत मागच्या दारानं चौथऱ्याकडे गेला, भावना त्याच्या पाठोपाठ. चौथरा रिकामा. दुपारचं ऊन. कडेला आईच्या कोंबड्या, पण चौथऱ्यावर एकही नाही. विनीत फोनच्या पडद्याकडे बघत पुढे-मागे झाला. त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम... टॉवर किती लांब आहे ते यात दिसतं."

"किती आहे?"

"शून्य. आपण टॉवरखाली उभे आहोत."

आई दारात येऊन उभी होती. तिच्याकडे पाहिलं आणि भावनाला एकदम समजलं, की आईला हे सगळं पहिल्यापासून माहीत आहे. आणि हे जोवर चालू आहे तोवर आई या घरातून हलणार नाही. एक दिवस इथेच, या भिंतीला पाठ लावून...

"त्यांना बंद करायला कुणी सांगितलंच नाही," भावना म्हणाली.

"काय?"

"कंट्रोल रूममधून फोन यायचा. तो आल्याशिवाय ते बंद करत नसत. तुम्ही लावा फोन."

"मॅडम, कुणाला लावू? काहीतरी काय बोलताय!"

तिनं बाबांचा नंबर सांगितला. तो बंद झालेला नंबर होता. मृत्यूचा दाखला देऊन तिनं स्वतःच तो बंद करून घेतला होता.

"नको, भावना." आईचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा कापला. "आर्डर आली का तो बंद करील."

भावनानं आईकडे न बघता विनीतला खूण केली. त्यानं नंबर दाबला, स्पीकर चालू केला. हा नंबर अस्तित्वात नाही, हेच ऐकू येणार असं दोघंही धरून चालले होते.

रिंग वाजली.

वाजत राहिली...

आणि कुणीतरी फोन उचलला. पलीकडून जनरेटरचा आवाज येत होता. धडधड, भरपूर, कान भरून टाकणारा.

भावनानं त्याचा दंड दाबला.

"हि... हिरामणकाका? कंट्रोल रूममधून बोलतोय. साइट बंद करा."

पलीकडे थोडा वेळ फक्त धडधड. मग बाबांचा आवाज. थकलेला.

"लई उशीर केलात, सायेब."

आणि थोड्या वेळानं, "बरं."

धडधड मंदावली. थांबली. घरात डबे गप्प झाले. फोनवरच्या दांड्या एकेक करून विझल्या आणि वर फुली आली.

आता फोन तुटायला हवा होता. ज्या टॉवरवरून तो लागला, तो टॉवरच बंद झाला होता.

फोन तुटला नाही.

रेंज नसलेल्या त्या फोनवर सेकंद पुढे सरकत होते. फोनमधून पावलं ऐकू आली. पत्र्याचं दार लागल्याचा आवाज. मग बाबांनी फोनपासून तोंड लांब करून, घरात कुणाला हाक मारावी तसं म्हटलं,

"सुटी झाली गो. चल."

आणि एका बाईचा आवाज आला.

"आले."

भावनानं वळून पाहिलं. आई दारात उभी होती. चौकटीला धरून. तिचे ओठ मिटलेले होते.

आवाज आईचा होता.

फोन कट झाला. लाईट आली. आत पंखा फिरायला लागला.

त्याच संध्याकाळी आई बदलापूरला आली. महिनोन्‌महिने जिला सांगून भावनाची जीभ दुखली होती, ती बाई "चल" म्हटल्याबरोबर निघाली. पिशवी भावनानंच भरली. कोंबड्या कुणाकडे ठेवायच्या, हे आईनं विचारलं नाही. दाराला कुलूप लागत होतं तेव्हा तिनं मागे पाहिलं नाही.

विनीतनं रिपोर्ट दिला, बूस्टर सापडला नाही. नंतर त्याची बदली झाली म्हणतात. त्याचा नंबर लागत नाही. मोरिवलीला नवा टॉवर मिळाला. आता शुक्रवारीही बनूबाईच्या घरात रेंज असते. त्या टॉवरला राखणदार नाही. सगळं आपोआप चालतं.

आई बदलापूरच्या फ्लॅटमध्ये आहे. वाढलं की जेवते. विचारलं की बोलते. भांडत नाही.

मागच्या महिन्यात तिच्या फोनला अपडेट आला आणि फोन तिचं बोट ओळखेना. भावना तिला घेऊन उल्हासनगरला कॅम्प नंबर दोनमधल्या मोबाइल मार्केटात गेली. दुकानदार सिंधी, हसतमुख.

"अपडेट के बाद होता है, दीदी. टेन्शन नहीं. अम्मा का उंगली नया डाल देते हैं. लाओ अम्मा, हाथ."

त्यानं आईचं बोट काचेवर टेकवलं. फोननं घेतलं नाही. काच पुसली, पुन्हा टेकवलं. नाही. स्वतःचं बोट लावलं, ते लगेच घेतलं. भावना म्हणाली, "शेतात राबलेला हात आहे, रेषा झिजल्या असतील."

"हां, हां, होता है," तो म्हणाला आणि त्यानं पुन्हा आईचा हात धरला.

आणि सोडून दिला.

हसू गेलं होतं. त्यानं दोन्ही तळवे पँटला घासले, गारठा घालवावा तसे. फोन भावनाकडे सरकवला. आईकडे न बघता म्हणाला,

"अम्मा को घर ले जाओ, दीदी."

एकदा आईचा हात हातात घेऊन बघावा, असं भावनाला रोज वाटतं. चहाचा कप देताना बोटं अगदी जवळ येतात.

ती कप टेबलावर ठेवते.