मुळांची उघडी टोकं

दातांच्या एक्स-रे मशीनच्या दहा तक्रारी आल्या, तर नऊ मशीनच्या नसतातच. कुठे वायर खुर्चीच्या पायाखाली चेपलेली असते, कुठे सेन्सर उलटा धरलेला असतो. एका डॉक्टरांनी तर मला दीड तासाचा प्रवास करायला लावला आणि मी जाऊन फक्त प्लग लावला. बावीस वर्षं हेच करतोय. त्यामुळे त्या दिवशी जेवणाच्या वेळेला एका दातांच्या डॉक्टर मॅडमचा फोन आला आणि त्या म्हणाल्या, "रिकाम्या सेन्सरवर दात दिसतोय," तेव्हा मी हातातला घाससुद्धा खाली ठेवला नाही. जुनी फाइल उघडत असेल, म्हटलं.

त्यांचं क्लिनिक पहिल्या मजल्यावर, खाली शिंप्याचं दुकान. मॅडम चाळिशीच्या, कामाला चोख, बोलायला मोजक्या. मशीन मीच बसवलेलं. एक्स-रेची खोली म्हणजे पूर्वीची अडगळीची जागा. आत एक खुर्ची, भिंतीतून पुढे येणारा मशीनचा लांब हात, दाराला आतून शिशाचा पत्रा आणि डोळ्यांच्या उंचीवर जाड काच. बटण आणि कॉम्प्युटर बाहेर.

"पेशंट कोणीच नव्हतं?" मी विचारलं.

"कोणीच नाही. सकाळी साफसफाई झाल्यावर मी सहज चाचणी घेतली. हे आलं."

पडद्यावर दुधाच्या दोन दाढा होत्या. त्यांच्याखाली हाडात पक्क्या दातांचे कोंब. एका दाढेत चवळीच्या दाण्याएवढं पांढरं फिलिंग.

सेन्सर म्हणजे बिस्किटाएवढी चपटी पट्टी. पेशंटने ती दातांत धरायची, बाहेरून किरण सोडायचे आणि चित्र कॉम्प्युटरवर यायचं. मध्ये काही नसेल, तर चित्र नुसतं काळं यायला हवं. मी सेन्सर खुर्चीवर ठेवला, मशीनचं तोंड त्यावर आणलं, दार लावून बटण दाबलं. बीप वाजला.

पुन्हा दात. पण तेच चित्र नव्हतं.

मला दात वाचता येत नाहीत. मॅडमना येतात. त्या पडद्याजवळ वाकल्या आणि एकेका दातावरून बोट फिरवत गेल्या.

"दुधाच्या दाढेची मुळं विरघळायला लागलीत," त्या म्हणाल्या. "खालचा दात वर सरकलाय. सकाळचं मूल सहा वर्षांचं होतं. हे नऊचं आहे."

"मॅडम, कॉम्प्युटरचा घोळ असेल. मी माझं सामान लावून बघतो."

माझा लॅपटॉप, माझा सेन्सर, माझीच वायर. तो सेन्सर त्याच आठवड्यात खोक्यातून काढलेला, कुणाच्या तोंडात कधी गेलेला नव्हता. बटण दाबलं. बीप. दुधाच्या दाढा गेलेल्या, त्यांच्या जागी पक्के दात.

"अकरा," मॅडम म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता.

त्या आतल्या खोलीत गेल्या आणि एक फाइल घेऊन आल्या. त्यांच्या मुलीची. पहिलीत असताना घेतलेला एक्स-रे, नंतर तिसरीतला, नंतर गेल्या वर्षीचा. तिन्ही त्यांनी पडद्याशेजारी धरले. चवळीच्या दाण्यासारखं फिलिंग त्यांनी स्वतःच्या हातांनी भरलेलं होतं. एका दाताचं मूळ टोकाशी किंचित वाकडं होतं, तेही तिथेच, तितकंच वाकडं.

"तिचे फोटो याच कॉम्प्युटरवर आहेत का?" मी विचारलं. माझा लॅपटॉप वेगळा आहे, हे मला माहीत असूनही.

"ती आता बारा वर्षांची आहे," मॅडम म्हणाल्या. "बंद करा हे. पुढचं मला बघायचं नाही."

तेव्हा मी थांबायला हवं होतं. पण इतक्या वर्षांत एकाही मशीनने मला हरवलं नव्हतं, आणि माणसाची खोड मरेपर्यंत जात नाही. म्हटलं, एकदाच. सेन्सरवर मी शिशाचा जाड एप्रन चार घड्या करून ठेवला. त्यातून किरण जाऊच शकत नाहीत. गेले नाहीत तर काहीच दिसणार नाही, आणि मग निदान बिघाड कुठे शोधायचा ते तरी कळेल.

मी बटण दाबलं.

चित्र आधीपेक्षाही नीट आलं. मागची दाढ पूर्ण वर आलेली. मॅडमनी नको म्हणत म्हणत पाहिलंच.

"तेरा. मुळांची टोकं अजून उघडी आहेत. ती पंधराव्या वर्षापर्यंत बंद होतात."

मी आत जाऊन मशीनचा प्लग काढला. मेन स्विच पाडला. मशीनवरचा हिरवा दिवा विझला. बाहेर येतोय, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "आणखी एक आलं."

बीप वाजला नव्हता.

तेच चित्र. तीच दाढ, तीच उघडी टोकं. एक केसभरही पुढे सरकलेलं नाही.

मग आणखी एक आलं. तेही तेवढंच.

"वाढ थांबली," मी म्हणालो. म्हणजे बिघाड थांबला, असं मला म्हणायचं होतं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्याच बोलण्याचा अर्थ मला कळला.

शेवटच्या चित्रात आणखी एक गोष्ट होती. जिवंत माणसाच्या एक्स-रेत दातांभोवती गालाचा फिकट धुरकटपणा असतो. सवयीने तो कुणी बघतही नाही. आम्हाला प्रशिक्षणात सरावासाठी सुका जबडा दिला होता, नुसतं हाड. त्याचं चित्र लख्ख येतं. दातांभोवती कोरा काळा रंग.

हे चित्र लख्ख होतं.

मी सेन्सरची वायर उपटून काढली.

जिन्यात पावलं वाजली. दप्तर एका खांद्यावर, वेणी सुटलेली, मॅडमची मुलगी आत आली. "आई, जाम भूक लागलीये," म्हणत तिने दप्तर बाकावर टाकलं. मॅडमनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि अंगठ्यांनी गाल चाचपले. पुन्हा पुन्हा.

"आई, दुखतंय. काय झालं?"

"काही नाही गं. हात धुऊन ये."

मशीन मी त्याच दिवशी उतरवून नेलं. वर्कशॉपमध्ये ते महिनाभर चालवलं. दर वेळी चित्र नुसतं काळं. ऑफिसला मी बिघाडाचा खोटाच रिपोर्ट दिला आणि मॅडमकडे नवं मशीन बसवलं. बायकोलाही काही सांगितलं नाही. रात्री तिला एकच विचारलं, "एखादी गोष्ट आपण बघितली म्हणून घडते का गं?" ती म्हणाली, "झोपा आता, बिघाड घरी आणू नका."

त्या मुलीचं तेरावं वर्ष आम्ही दोघांनी कसं काढलं, ते आम्हालाच माहीत. मी सर्व्हिसच्या निमित्ताने दर दोन महिन्यांनी जायचो. मॅडम तिला सायकल चालवू देत नव्हत्या, पोहायला पाठवत नव्हत्या, खोकली तरी रात्रभर जागत होत्या. मुलगी वैतागायची. मला म्हणायची, "काका, आईचं मशीन नीट आहे, आईच बिघडलीये. तिला काहीतरी करा." मी हसायचो.

मधे एकदा तिला ताप आला. तीन दिवस उतरला नाही. चौथ्या दिवशी पहाटे उतरला. मॅडमनी मला फोन केला आणि नुसत्या रडल्या.

त्यानंतर काहीच झालं नाही. चौदावं गेलं, पंधरावंही सरलं. मुलगी आईपेक्षा उंच झाली. मॅडम पुन्हा हसायला लागल्या. मीही त्या दुपारचं नाव काढलं नाही. बेरजेत काहीतरी चुकलं होतं, आणि चुकलं ते बरंच झालं, असं मी स्वतःला समजावलं.

गेल्या महिन्यात मॅडमचा फोन आला.

"तिची खालची डावी बाजू दुखतेय. एक्स-रे काढायला हवा. तीन वर्षांत मी एकही काढलेला नाही." मग म्हणाल्या, "माझ्याच्याने बटण दाबवणार नाही. तुम्ही याल?"

मी गेलो. स्वच्छ ऊन होतं, खालून शिलाई मशीनची टकटक ऐकू येत होती. मुलगी खुर्चीत बसली, मी गळ्यापासून एप्रन घातला, सेन्सर डाव्या बाजूला ठेवला आणि म्हणालो, "घट्ट चावून धर." तिने मान हलवली. तिची बोटं माझ्या मनगटाला लागली. गार होती. पंखा जोरात आहे, म्हटलं.

मॅडम बाहेरच्या खोलीत, खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या.

मी दार लावलं. बटण दाबलं. बीप वाजला.

मागची दाढ. पंधरा पूर्ण झाली तरी मुळांची टोकं उघडी. त्या दुपारचं चित्र मी लॅपटॉपमधून कधीच पुसलं नव्हतं. ते शेजारी लावलं. रेघेला रेघ जुळली.

दातांभोवती धुरकटपणा नव्हता. कोरा काळा रंग होता.

मी माऊसवरचा हात काढला नाही. मॅडमची पाठ मला दिसत होती.

आतून आवाज आला. हलका, अगदी स्पष्ट, एकेक अक्षर सुटं.

"काका, आईला नका दाखवू."

मी काचेतून पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. सेन्सर तिच्या दातांत घट्ट धरलेला होता, वायर ओठांच्या कोपऱ्यातून खाली लोंबत होती, आणि ओठ मिटलेले होते.