जराशीच

"हात काढा आधी!"

नोएलिया त्याच्याशी बोलली ते पहिलं वाक्य हे. गावातल्या इस्पितळात ती नवीन होती, चुकून ड्रेसिंगच्या खोलीत शिरली... आणि समोर सर्जन लेआंद्रो सुरी घेऊन झुल्माबाईंच्या पोटरीवर वाकलेला. खोल जखम, जांभळ्या, पोखरलेल्या कडा.

"सडलेलं काढतोय," तो म्हणाला. "आपण कोण?"

"त्वचेची डॉक्टर. दर वेळी खरवडल्यावर जखम वाढलीच ना?"

"वाढली. म्हणून तर—"

"म्हणून तर नको! हे जंतूंचं काम वाटत नाही. शरीरच स्वतःवर उठलंय. डिवचलं की आणखी चवताळतं."

"पोरांनो," झुल्माबाई म्हणाल्या, "भांडा खुशाल. पण पाय राहील ना माझा?"

लेआंद्रोने सुरी खाली ठेवली.

नोएलियाने कडेचा बारीक तुकडा तपासायला पाठवला. जंतू सापडले नाहीत, बाकीची कारणंही एकेक करून बाद झाली. मग तिने स्टेरॉइड सुरू केलं. लेआंद्रो मात्र रोज पट्टीखाली डोकावायचा.

"कड साफ करू? जराशीच..."

"नाही!"

मग तो हसून येर्बाच्या पाल्याच्या कडू चहाचा पेला, ओढायच्या नळीसकट, पुढे करायचा. ती पिऊन "धन्यवाद" म्हणायची. तिथली रीतच अशी, की धन्यवाद म्हटलं की पेला पुन्हा भरायचा नसतो. तो बिचारा थर्मास बंद करायचा.

एक दिवस मात्र तिने पेल्यातली नळी धरून मुद्दाम पाला ढवळला.

"अगं बाई, नळी हलवतात का कधी? सगळं बिघडतं!" लेआंद्रो कळवळला.

"जराशीच," नोएलिया म्हणाली.

तो कानापर्यंत लाल झाला. त्यानंतर कुणी शिकाऊ डॉक्टर चिमटा घेऊन आला, की लेआंद्रोच ओरडायचा, "हात काढा आधी!"

कडा हळूहळू बसल्या. कोवळी गुलाबी कातडी आली. झुल्माबाई स्वतःच्या पायांनी घरी गेल्या, जाताना दोघांकडे बघून म्हणाल्या, "माझं बरं झालं. तुमचं बघा आता."

त्या संध्याकाळी नदीकाठच्या बाकावर नोएलियाने रिकामा पेला त्याच्या हातात ठेवला... आणि गप्प बसली.

"धन्यवाद म्हणाली नाहीस," तो हळूच म्हणाला.

"नाही."

"म्हणजे... अजून हवंय? की... म्हणजे तुला—"

"किती खरवडशील रे!" ती वैतागली; मान मात्र त्याच्या खांद्यावर टेकली. "भर."