सटवाच्या मापाची सायकल

बहात्तरच्या दुष्काळात पाटोद्याच्या वाटेवर आमच्या पाणी सोसायटीची विहीर खोदली जात होती. खाली सुरुंग भरून शेवटचा माणूस वर आला, की काठाला टेकवलेल्या सायकलची घंटी वाजवायची, अशी तिथली रीत. सुरुंग उडवणारा रामकिसन दूर मातीच्या ढिगाऱ्यामागं बॅटरी घेऊन बसायचा. ठेंगणा माणूस, त्याला विहिरीचं तोंड दिसत नसे. घंटी ऐकली की तो तारा जोडायचा.

सायकल माझ्या दाजीची, सटवाची. सोसायटीला सभासद मिळवायला तो तिच्यावर गावोगाव फिरायचा. माणूस ताडासारखा उंच, सायकलही तशीच.

चेअरमन मोहनराव पहिला पाट स्वतःच्या मोसंबीकडं काढणार होते. सटवानं त्यांना भर बैठकीत अडवलं. दुसऱ्या दिवशी सटवा खाली असतानाच घंटी वाजली. काठावर एकटे मोहनराव होते.

"वाऱ्यानं वाजली असंल," ते पंचनाम्यात म्हणाले. सगळ्यांनी मान खाली घातली. रामकिसननंही.

माझी बहीण छबुबाई रडली नाही. तिनं सायकल माझ्या दारात आणून लावली.

माझे पाय पायडलला पुरेनात. मी सीट माझ्या मापाला खाली दाबून बोल्ट आवळला. सकाळी पाहतो तर सीट पुन्हा वर, सटवाच्या मापाला. पाटोद्याच्या मिस्त्रीनं हातोडीनं ठोकून बसवली. सकाळी पुन्हा वर. बोल्ट मात्र आवळलेलाच, गंज जिथल्या तिथं.

"आक्का, मला न्हाई जमत ही सायकल. बाजारात इकून टाकतो," मी म्हणालो.

"इकू नको. गिऱ्हाईक यील घरला."

गिऱ्हाईक म्हणजे मोहनरावच आले. तेही उंच.

"काय बे गहिनीनाथ, माकडावानी लोंबकाळतो म्हणं सायकलीला? सोसायटीची चीज हाय ती, सोसायटीत पायजे."

माझ्या तोंडाशी शिवी आली होती. आक्कानं मला हातानं मागं सारलं.

"न्या की, चेअरमनसाहेब. तुमालाच बसंल ती."

तिनं पदरानं सीट पुसली. घंटीत एरंडेलाचे थेंब सोडले. मोहनराव टांग मारून बसले. पाय नेमके पुरले. ते हसत गेले.

वळणापर्यंत मी बघत राहिलो. ते पायडल मारायचे थांबले, तरी पायडल फिरतच होतं.

विहिरीचं काम पुन्हा सुरू झालं. आक्का आणि मी दगड वाहायला जायचो. एका दुपारी सुरुंग भरून झाले, माणसं वर येऊन ढिगाऱ्यामागं बसली. तेवढ्यात मोहनराव आले. खालच्या खडकाला ओल सुटली, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं.

"रामकिसन, ओल बघून येतो बे. वर आलो की घंटी वाजवतो."

त्यांनी सायकल काठाला त्याच जागी टेकवली आणि उतरले.

आम्ही थांबलो. वर घारसुद्धा नव्हती. बाभळीचं पान हलत नव्हतं.

घंटी वाजली.

रामकिसननं तारा उचलल्या, पण जोडल्या नाहीत. "इतक्यात वर आले?" तो पुटपुटला.

आक्कानं डोक्यावरची पाटी खाली ठेवली.

"वाजली न्हवं?" ती म्हणाली. "मागल्या बारीला तर इचारलं न्हाईस."

पुन्हा घंटी वाजली. या वेळी जोरात.

रामकिसननं तारा जोडल्या.

धुरळा काठीसारखा सरळ वर गेला.

माणसं विहिरीकडं धावली. मी सायकलजवळ थांबलो. काठावर, आसपास कुणी नव्हतं. मातीत मोहनरावांच्या उतरत्या पावलांचे ठसे होते, परतीचे नव्हते.

"घंटी कुणी वाजवली?" लोक एकमेकांना विचारू लागले.

"वारं असंल," आक्का म्हणाली.

मला वाटलं, फिटलं. सायकल घरी न्यावी म्हणून मी हँडल धरलं, तेव्हा सीटकडं लक्ष गेलं.

सीट खाली आली होती. माझ्या मापाच्याही खाली. बोल्टवरचा गंज तसाच होता.

एवढा ठेंगणा आमच्यात एकच माणूस होता. तो ढिगाऱ्यामागून हळूहळू येत होता, हातात अजून तारा होत्या.

आक्कानं पदरानं सीट पुसली.

"रामकिसन," तिनं मायेनं हाक मारली, "ये. ही तुला बसंल बघ."