डाव्या बाजूची कळ

थोरलीच्या ओटीपोटात डावीकडे कळ यायला लागली, तेव्हा तिनं आधी आदल्या दिवशीच्या जेवणाला बोल लावला. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं तिचं काम. अंदाजपंचे बोलणं तिला जमत नसे. कळ हटेना म्हणून तिनं सोनोग्राफी करून घेतली. दोन्ही अंडाशयं ठणठणीत निघाली. पाळीच्या मधल्या दिवसांत बीज बाहेर पडताना असं दुखू शकतं, कधी आतड्यातलं दुखणंही तिथलंच वाटतं, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. तिला ते पटलं.

एक मात्र तिनं सांगितलं नाही. तिची धाकटी बहीण याच जागी मूठ दाबून बसायची. पाळीचंच असेल म्हणून तिनं अंगावर काढलं. गाठ कळेपर्यंत फार उशीर झाला होता. डावं अंडाशय काढलं, मग दुखणं उजवीकडे सरकलं, आणि ती गेली. शेवटी शेवटी थोरली तिच्या उशाशी बसून म्हणाली होती, "तुझं थोडं मला दे गं."

"द्यायला जीव होत नाही, ताई," एवढंच धाकटी बोलली होती.

पुढे कळ वाढली. थोरली उजव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपू लागली. तशी ती कधीच झोपत नसे. जिन्यात धाप लागली की कठड्यावर कपाळ टेकायची. शेजारीण एकदा दचकून म्हणाली, मागून अगदी धाकटीच वाटलीस.

ती पुन्हा त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेली. भरपूर पाणी पिऊन पोट तटतटलं होतं. गार जेल, अंधारी खोली, यंत्राची घरघर. बाईंचा हात डावीकडे गेला आणि तिथेच घुटमळत राहिला. त्यांनी तिला कुशीवर वळायला सांगितलं. मग आतूनही तपासलं.

"ऑपरेशन कधी झालं?"

"कुणाचं?"

"तुमचं. डावं अंडाशय काढलेलं दिसतंय."

बाईंनी दिवा लावून तिचं पोट पाहिलं. कुठे टाक्याची खूण नव्हती. गेल्या वेळी दोन्ही अंडाशयं त्यांनीच पाहिली होती. त्या नुसता जेल पुसत राहिल्या.

थोरलीला रडू फुटलं. भीतीनं नव्हे. धाकटीनं दिलं होतं तर. आणि आपण घेतलं, ते ती गेल्यावर.

बाहेर पडता पडता डावी कळ थांबली.

सगळं शांत झालं.

मग उजवीकडे, अगदी खोल, बारीकशी उमटली.

घरी येऊन ती पलंगावर आडवी झाली. तपासणीला जाते आहे, हेसुद्धा तिनं आईला सांगितलं नव्हतं. आई गरम पाण्याची पिशवी घेऊन आली, काठावर बसली, आणि काही न विचारता तिनं ती पिशवी उजव्या बाजूला ठेवली.